न जन्मलेल्या शेजाऱ्यासाठी

रुबेला हा तसा सौम्य आजार. दोन-तीन दिवस बारीक ताप येतो, अंगावर फिकट गुलाबी पुरळ उठते, कानांमागे आणि मानेवर गाठी सुजतात आणि मग सारे शांत होते. कित्येकांना तर तो होऊन गेल्याचे कळतही नाही. 'बारीक गोवर येऊन गेला' एवढे म्हणून घरातली आई पुन्हा कामाला लागते. अशा या आजाराविरुद्धची लस आज सरकारी लसीकरणात प्रत्येक बालकाला मोफत दिली जाते. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, गोवराच्या लसीसोबत एकाच सुईतून. लसीकरणाच्या तक्त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद केलेला नाही.

विचारी पालकाच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहावा. गोवराचे ठीक आहे. गोवर हा बालकाचा स्वतःचा वैरी आहे; २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी परिसरात त्याने बालकांचे बळी घेतले, हे आपण वृत्तपत्रांतून वाचले आहे. परंतु रुबेलापासून मुलग्याला असा कोणता मोठा धोका आहे? त्या आजाराचा खरा घाव बसतो तो गर्भवती स्त्रीच्या उदरातील बाळावर. मुलगा काही गरोदर राहणार नाही. मग त्याच्या दंडात ही सुई कोणासाठी?

उत्तर सरळ आहे: दुसऱ्या कोणाच्या तरी बाळासाठी. बसमध्ये शेजारी बसलेल्या, मिस्सेला पुढच्या बाकावर गुडघे टेकलेल्या, शाळेत त्याला शिकविणाऱ्या, आपण गरोदर आहोत हे अजून स्वतःलाही न कळलेल्या एखाद्या स्त्रीच्या बाळासाठी. या उत्तराने शास्त्राचा प्रश्न सुटतो. नीतीचा प्रश्न मात्र तेथूनच सुरू होतो. एका बालकाच्या शरीराला दुसऱ्याच्या हितासाठी टोचण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि ज्या लसीच्या उगमाशी एका गर्भपाताची सावली आहे, ती लस गर्भातील जीव वाचविण्यासाठी वापरावी काय? या दोन प्रश्नांचा येथे एकत्र विचार करावा असे आम्हांस वाटते. कारण ते दोन्ही प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात.

प्रथम त्या घावाविषयी. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराचे नेत्रतज्ज्ञ डॉ. नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बालके एकामागून एक येऊ लागली. एरवी क्वचित दिसणारा हा दोष एकाच वर्षी एवढ्या बालकांत का दिसावा, याचा शोध घेता त्यांच्या ध्यानात आले की जवळजवळ प्रत्येक बाळाच्या आईला गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. आदल्या वर्षी त्या देशात रुबेलाची मोठी साथ आली होती. त्यांनी अशा ७८ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कित्येकांच्या हृदयातही दोष होता. पुढे बहिरेपणाचीही त्यात भर पडली. तोवर वैद्यकशास्त्र ज्या आजाराकडे हसून पाहत होते, तो उदरातील जीवाच्या डोळ्यांवर, कानांवर आणि हृदयावर घाला घालतो, हे जगाला प्रथमच समजले.

गरोदरपणाच्या अगदी आरंभीच्या आठवड्यांत मातेला रुबेला झाला, तर तो बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांपर्यंत असते. कधी गर्भ गळून पडतो, कधी बाळ मृत जन्मते, कधी जगते ते अंधत्व, बहिरेपण किंवा हृदयविकार घेऊन. १९६४-६५ साली अमेरिकेत आलेल्या साथीत सुमारे सव्वा कोटी लोकांना रुबेला झाला. त्यांतून सुमारे ११,००० स्त्रियांची गर्भावस्था बाळाच्या जन्माआधीच संपली, २,१०० नवजात बालके दगावली आणि २०,००० बालके जन्मजात दोष घेऊन आली. आईने काही निष्काळजीपणा केला म्हणून हे झाले नाही. ज्याच्यापासून तिला लागण झाली तो पुरळ उठण्याच्या आधीच्या आठवड्यापासूनच आजार पसरवीत असतो, आणि अनेकदा त्याला पुरळ उठतही नाही. तेव्हा 'गरोदर बाईने सांभाळून राहावे' हा सल्ला येथे पोकळ ठरतो. कोणापासून सांभाळावे हेच तिला कळण्यास मार्ग नसतो. तिला सांभाळायचे असेल, तर ते तिच्या भोवतीच्या माणसांनीच सांभाळले पाहिजे.

'मग मुलींनाच लस द्यावी, मुलग्यांना कशाला?' असा विचार करून पाहिला गेला नाही, असे नाही. जपानने तोच मार्ग धरला. १९७७ पासून तेथे माध्यमिक शाळेतील मुलींनाच रुबेलाची लस देण्यात आली. मुलग्यांना पुढे नव्वदच्या दशकात कायदा बदलल्यावर ती मिळू लागली. मधल्या काळातील मुलगे वाढले, कामधंद्याला लागले, लोकलगाड्यांतून आणि कचेऱ्यांतून वावरू लागले. २०१२-१३ मध्ये त्या देशात रुबेलाची साथ आली, आणि २०१३ या एकाच वर्षी चौदा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांत बहुसंख्य प्रौढ पुरुष होते. त्या साथीमुळे ४५ बालके जन्मजात रुबेलाचे दोष घेऊन जन्मली. ज्यांना 'याची गरज नाही' म्हणून वगळले होते, नेमके तेच त्या आजाराचे वाहक ठरले. पुढे २०१९ पासून जपानी सरकारला १९६२ ते १९७९ या काळात जन्मलेल्या पुरुषांना बोलावून त्यांच्या रक्ताची तपासणी आणि लसीकरण मोफत करून द्यावे लागले. मुलगेपणी चुकविलेली सुई पन्नाशीच्या घरात घ्यावी लागली; पण त्या ४५ बालकांसाठी ती उशिराच ठरली.

ग्रीसचा अनुभव आणखी वेगळा आहे आणि आपणांस अधिक विचार करावयास लावणारा आहे. तेथे मुलगे-मुली असा भेद नव्हता. परंतु ऐंशीच्या दशकात निम्म्याहून कमीच बालकांना ही लस मिळत होती. याचा परिणाम असा झाला की विषाणूचा फैलाव मंदावला, पण थांबला नाही. ज्या मुलींना लस मिळाली नव्हती त्यांना बालपणी आजारही झाला नाही. त्या तशाच, कोणतीही प्रतिकारशक्ती न येता, तरुण झाल्या. १९९३ साली साथ आली ती त्यांच्या बाळंतपणाच्या वयात, आणि त्या साथीतून जन्मजात रुबेलाची २५ बालके नोंदली गेली. अर्धवट केलेले लसीकरण येथे काहीच न करण्याहून वाईट ठरले. काही घरांनी लस घ्यावी आणि काहींनी घेऊ नये, ज्याला परवडेल त्याने खासगी दवाखान्यातून ती विकत आणावी आणि बाकीच्यांनी नशिबावर हवाला ठेवावा, अशा रीतीने हे काम होतच नाही. पाणी अडविण्यासाठी घातलेल्या बांधाला मधेच भगदाड ठेवले, तर सारा लोंढा तेथूनच जातो आणि भगदाडापाशी ज्याचे शेत असते ते वाहून जाते.

आता पहिला प्रश्न. बालकाच्या शरीरावर दुसऱ्याचा हक्क आहे काय?

हा प्रश्न नवा नाही आणि आपल्या मुंबईला तर तो मुळीच अपरिचित नाही. देवीच्या रोगाविरुद्धची लस भारतात प्रथम ज्या बालकाच्या दंडावर यशस्वी झाली ते बालक मुंबईचेच होते. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. त्या काळी लस शीतपेटीतून येत नसे. एकाच्या दंडावर उठलेल्या फोडातील पाणी घेऊन ते दुसऱ्याच्या दंडाला टोचीत, आणि अशा रीतीने दंडामागून दंड ही साखळी पुढे जाई. त्या चिमुरडीच्या दंडापासून निघालेली लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी देशभर गेली. दुसऱ्याच वर्षी स्पेनच्या राजाने अमेरिका खंडातील आपल्या वसाहतींकडे लस पाठविली, ती २२ अनाथ मुलांच्या दंडांवरून. समुद्रप्रवासात दर नऊ-दहा दिवसांनी दोघां-दोघांना टोचून ती जिवंत ठेवण्यात आली. लाखो लोकांना त्याचा लाभ झाला यात शंका नाही. तरीही त्या अनाथ मुलांचा विचार मनात आला की आपण अस्वस्थ होतो, आणि व्हावयास हवे. त्यांना कोणी विचारले नाही. त्यांच्या वतीने 'नाही' म्हणू शकेल असे कोणी त्यांना नव्हतेच. म्हणून तर त्यांची निवड झाली.

मग रुबेलाची लस टोचून घेणाऱ्या आजच्या मुलग्यात आणि त्या अनाथ बालकांत फरक कोणता? आम्हांस तो तीन गोष्टींत दिसतो. पहिली गोष्ट, आजच्या मुलग्याच्या मागे त्याचे मातापिता उभे असतात. त्यांना विचारता येते आणि विचारलेच पाहिजे. दुसरी गोष्ट, त्याच्यावर टाकलेला भार अतिशय हलका आहे: थोडा ताप, क्वचित पुरळ, गंभीर प्रतिक्रिया लाखो मुलांत एखाद्यालाच संभवते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की तो केवळ देणारा नाही, घेणाराही आहे. तो स्वतः कधी काळी आईच्या उदरात होता. भोवतालच्या कोणाच्या तरी प्रतिकारशक्तीने, किंवा नुसत्या दैवयोगाने, तो सुखरूप जन्माला आला. उद्या तो पिता होईल आणि घरी आजार नेणारा तोच असू शकेल. ज्या ऋणातून तो जन्मला तेच ऋण तो फेडीत आहे, इतकेच.

आपण बालकाला त्याच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा देतो, नाव देतो, भाषा देतो, कुटुंबाच्या आणि धर्मग्रामाच्या नात्यांत गुंफतो. धर्ममातापिता त्याच्या वतीने वचने देतात. ही बालकावरची सक्ती आहे असे आपण मानीत नाही. कारण माणूस एकटा जन्मत नाही आणि एकटा वाढत नाही, हे आपण जाणतो. 'माझे शरीर माझे एकट्याचे' हे वाक्य अन्यायी सत्तेपुढे उभे राहताना खरे असते. शेजाऱ्यापुढे उभे राहताना ते अपुरे पडते. माझा श्वास जर दुसऱ्याच्या बाळापर्यंत पोहोचू शकतो, तर माझे शरीर तेथपर्यंतच्या जबाबदारीतून मोकळे कसे होणार?

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे आणि तो आपल्यापासून लपविणे बरे नाही. रुबेलाची जी लस आज जगभर सर्वाधिक वापरली जाते, तिच्यातील विषाणू अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत डॉ. स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी १९६४ च्या साथीच्या काळात एका गर्भपात झालेल्या अर्भकातून मिळविला. त्या अर्भकाच्या मातेला रुबेला झाला होता. हा विषाणू ज्या पेशींवर वाढवून सौम्य करण्यात आला, त्या पेशीही १९६२ साली स्वीडनमधील दुसऱ्या एका गर्भपातातून आल्या होत्या. आणि त्या मातेची संमती कोणी घेतलेली नव्हती. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढत राहिल्या. त्यांच्यासाठी पुन्हा नवा गर्भपात करावा लागत नाही, हे खरे. पण उगमाशी काय आहे, हेही तितकेच खरे. आपल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी गोवर-रुबेलाची लसही अशाच जुन्या मानवी पेशींवर वाढविली जाते. गर्भातील जीवाला पहिल्या क्षणापासून मानव मानणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाने हे ऐकून दचकावे हे स्वाभाविक आहे. ज्याला काहीच वाटणार नाही, त्याच्याविषयी आम्हांस चिंता वाटेल.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाकडे पाठ फिरविली नाही. व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने २००५ साली या लसींवर सविस्तर चिंतन प्रसिद्ध केले. त्याचा आशय असा: जो गर्भपात करतो, जो त्यातून पेशी मिळवितो, जो त्या विकतो आणि जो आपल्या मुलाच्या रक्षणासाठी नाइलाजाने ती लस घेतो, या सर्वांची जबाबदारी एकसारखी नाही. मातापित्यांचा त्या मूळ कृत्याशी असलेला संबंध फार दूरचा आहे. त्यांना ते कृत्य मान्य नाही आणि त्यांच्या लस घेण्याने ते पुन्हा घडत नाही. यास्तव दुसरी लस उपलब्ध नसेल तेव्हा त्यांनी ती वापरावी. मात्र निर्दोष उगमाच्या लसीची मागणी करणे त्यांनी सोडू नये. विशेष म्हणजे त्या चिंतनात रुबेलाचा स्वतंत्र विचार केला आहे. जे मातापिता आपल्या मुलांना ही लस देण्याचे नाकारतात आणि त्यामुळे गरोदर स्त्रीला लागण होते, त्यांच्यावर त्या बाळाच्या व्यंगाची, आणि व्यंग कळल्यावर केल्या जाणाऱ्या गर्भपाताचीही जबाबदारी येऊन पडते, असे तेथे बजावले आहे. २०१७ साली त्याच अकादमीने अशा लसी शुद्ध विवेकाने वापरता येतात, हे अधिक स्पष्टपणे सांगितले. कोविडच्या काळात २१ डिसेंबर २०२० रोजी श्रद्धासिद्धांत मंडळाने पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने दिलेल्या निवेदनातही हाच विचार आहे. लस घेणे ऐच्छिक असावे. पण जो विवेकापोटी नाकारील त्याने आपल्यामुळे दुर्बलांना लागण होऊ नये यासाठी शक्य ते सारे केले पाहिजे, असे तेथे म्हटले आहे.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीपुढेही असाच पेच होता. करिंथच्या बाजारात विकले जाणारे मांस कधी कधी मूर्तीला वाहिलेले असे. ते विकत घ्यावे काय, खावे काय, यावरून भाविकांत वाद माजला. संत पौलाने त्यांना लिहिलेल्या पत्रात मांसाच्या उगमाचा प्रश्न टाळला नाही. परंतु त्याने आपली नजर तेथेच खिळवून ठेवली नाही. त्याने ती वळविली जेवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या दुर्बल बंधूकडे. माझ्या वागण्याने त्याचे काय होईल, हा त्याचा प्रश्न होता. करिंथमध्ये त्या प्रश्नाचे उत्तर 'घेऊ नका' असे येऊ शकत होते. कारण मांस सोडल्याने कोणाचे नुकसान होत नव्हते. रुबेलाच्या बाबतीत तोच प्रश्न विचारला तर उत्तर उलट येते. येथे दुर्बल बंधू आहे तो उदरात. आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून आपण लस नाकारली, तर त्या स्वच्छतेची किंमत त्याच्या डोळ्यांनी आणि कानांनी मोजली जाईल.

हे सारे मान्य करूनही मनातील अस्वस्थता जाऊ नये, असे आम्हांस वाटते. तिला जागा असावी. लस घेताना त्या दोन अर्भकांचे आणि ज्यांना कोणी विचारले नाही त्या मातेचे स्मरण आपण का ठेवू नये? जपानमध्ये सशाच्या पेशींवर वाढविलेली रुबेलाची लस तयार झाली होती. तेव्हा दुसरा मार्ग अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. डॉक्टरांनी, धर्मगुरूंनी आणि पालकांनी ती मागणी जिवंत ठेवली पाहिजे. अस्वस्थता ही अशी मागणी करण्याचे बळ झाली तर ती पुण्यप्रद आहे. ती केवळ घरात बसून राहण्याचे निमित्त झाली तर मात्र नाही.

आणि जर समाज एका बालकाकडून दुसऱ्यासाठी काही मागत असेल, तर त्या बालकाचेही समाजाकडून काही येणे लागते. पहिले येणे सत्याचे. भारतात गोवर-रुबेलाची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यात गोवा होते आणि महाराष्ट्राची पाळी २७ नोव्हेंबर २०१८ रोजी आली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला शाळाशाळांतून लस देण्यात आली. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील शाळांतील मोहीम रोखली. पालकांच्या संमतीशिवाय लस देता येणार नाही आणि संमती मागताना फायद्यांबरोबर संभाव्य दुष्परिणामही सांगितले पाहिजेत, असा त्या निर्णयाचा आशय होता. काहींना हा कामातील अडथळा वाटला. आम्हांस तो न्याय वाटतो. दान मागणाऱ्याने कशासाठी मागतो हे सांगितलेच पाहिजे. न सांगता घेतलेले ते दान नव्हे.

दुसरे येणे दक्षतेचे. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात गोवर-रुबेलाच्या लसीकरणानंतर तीन बालके दगावली; लसीच्या हाताळणीत आणि साठवणीत हलगर्जीपणा झाल्याचे चौकशीत पुढे आले. ही लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते आणि द्रावणात मिसळल्यावर चार तासांच्या आत वापरून उरलेली टाकून द्यावी लागते. हे नियम आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेला तोंडपाठ असतात. पण तिच्याकडे किती गावे आहेत, वीज किती वेळ असते, शीतपेटी वाहण्यास माणूस आहे की नाही, हे आपण विचारीत नाही. दूषित बाटलीतील लस आणि निर्दोष लस यांत आईला बाहेरून काहीच फरक दिसत नाही. ती केवळ विश्वासावर बाळाचा दंड पुढे करते. तो विश्वास राखण्याची साधने परिचारिकेच्या हाती देणे हे समाजाचे कर्तव्य आहे.

तिसरे येणे अद्ययावत ज्ञानाचे. आशाताई, अंगणवाडी सेविका, गावातील डॉक्टर, दवाखाने चालविणाऱ्या आपल्या धर्मभगिनी, या सर्वांना नवी माहिती वेळोवेळी मिळत राहिली पाहिजे. कारण अपुऱ्या माहितीनेही जीव जातो. एकच उदाहरण पुरे. रुबेलाची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असल्याने ती गरोदर स्त्रीला देत नाहीत आणि लस घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळण्यास सांगतात. पण एखादीला, गरोदर असल्याचे ठाऊक नसताना, ती दिली गेली तर? अनेक देशांतील अशा शेकडो स्त्रियांच्या नोंदी तपासण्यात आल्या. लसीमुळे जन्मजात रुबेलाचे व्यंग झाल्याचे एकाही बाळात सिद्ध झालेले नाही. म्हणूनच अनवधानाने मिळालेली लस हे गर्भपाताचे कारण ठरत नाही, असे वैद्यकशास्त्र आज स्पष्ट सांगते. ही गोष्ट ज्या डॉक्टरला ठाऊक नाही, तो घाबरलेल्या दांपत्याला भलताच सल्ला देऊन बसेल. येथे एका ओळीची माहिती एका जीवाइतकी मोलाची आहे.

चौथे येणे आहे ते ज्यांच्यापर्यंत ही लस वेळेवर पोहोचली नाही, त्यांचे. जन्मजात रुबेलाने ज्यांची दृष्टी वा श्रवण हिरावले ती माणसे आपल्यातच आहेत. व्यंग टाळावे असे म्हणताना व्यंग असलेला माणूस नको असे आपण म्हणत नाही, हे त्यांना आपल्या वागण्यातून कळले पाहिजे. मिस्सेतील प्रवचन त्यांना खुणांच्या भाषेतून समजते काय, धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांना जागा आहे काय, लग्नाच्या बोलण्यांत त्यांच्या बहिणींना मुरड घातली जाते काय, हे आपण आपल्याच धर्मग्रामात पाहावे. बाळ जन्मण्यापूर्वी त्याच्यासाठी लढणारा आणि जन्मल्यावर त्याच्याकडे पाठ फिरविणारा मनुष्य जीवनाच्या बाजूचा आहे असे म्हणता येणार नाही.

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर, वर म्हटल्याप्रमाणे, एकाच ठिकाणी येऊन थांबते. मुलग्याच्या दंडातील सुईविषयी विचारले काय किंवा लसीच्या उगमाविषयी विचारले काय, शेवटी आपल्यासमोर उभे राहते ते एक न जन्मलेले बाळ. एका टोकाला ज्याला वाचविता आले नाही ते, आणि दुसऱ्या टोकाला ज्याला अजून वाचविता येईल ते. पहिल्यासाठी आपण शोक करावा, प्रार्थना करावी आणि तसे पुन्हा घडू नये म्हणून झटावे. दुसऱ्यासाठी आपल्या हाती एक छोटे काम आहे. २०२३ पर्यंत गोवर आणि रुबेलाचे निर्मूलन करण्याचे आपल्या देशाचे उद्दिष्ट हुकले आणि ते पुढे २०२६ वर न्यावे लागले. संपूर्ण अमेरिका खंडाने रुबेलाचा स्थानिक फैलाव थांबविल्याचे एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा हे अशक्य आहे असे म्हणण्यास आपणांस वाव नाही. घराघरांतील लसीकरणाचे कार्ड काढून त्यातील दुसऱ्या मात्रेचा रकाना भरला आहे की नाही हे पाहणे, एवढेच कित्येकदा उरलेले असते.

पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशातून वाट तुडवीत एलिझाबेथच्या घरी गेली, तेव्हा त्या उंबरठ्यावर दोन मातांची आणि दोन न जन्मलेल्या बाळांची भेट झाली, असे आपण शुभवर्तमानात वाचतो. वाटेत तिला किती माणसे भेटली असतील, कोणत्या मुलांनी तिला पाणी दिले असेल, कोण तिच्या शेजारून गेले असेल, याची नोंद कोठेही नाही. आपल्या रस्त्यांवरून, वसईच्या बाजारातून, दादरच्या पुलावरून, नगरच्या एस. टी. स्थानकातून अशा गरोदर स्त्रिया रोज जातात आणि आपली मुले त्यांच्या शेजारून धावत शाळेला जातात. त्यांतील कोणाच्या बाळाचे रक्षण आपल्या मुलाने केले हे आपल्याला कधीच कळणार नाही. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या जखमी माणसाचे नावही त्या शोमरोन्याने विचारले नव्हते.